वाचकराजा, दंडवत!

पुस्तकातलं ऋणनिर्देशाचं पान मी फार आवडीने वाचतो. तिथे प्रकाशक असतात, मुखपृष्ठकार असतात, मुद्रितशोधक असतात. जिच्याशिवाय हे लेखन झालंच नसतं ती सहधर्मचारिणीही असते (लेखन झालं नसतं तर तिला सुखाचे चार दिवस मिळाले असते, ही गोष्ट वेगळी). नसतो तो फक्त वाचक. लग्नात आचाऱ्यापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना नारळ द्यायचा आणि नवरीला मांडवात आणायचं विसरायचं, त्यातली गत!

आपली परंपरा काही अशी नाही. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांची चक्क मनधरणी करतात. नुसतं लक्ष द्या, सर्व सुखाला पात्र व्हाल, असं वचन देतात. आणि लगेच, तुम्हा सर्वज्ञांपुढे हे मी प्रौढीने बोलत नाही, सलगीने विनवतो आहे, असंही सांगून टाकतात. आम्ही मात्र वाचकाला एकदा 'सुजाण' म्हटलं की उपकार फिटले असं समजतो.

खरं तर मराठी वाचक जपून ठेवण्यासारखा आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये सुरू झालं. तेव्हापासून गावोगावच्या वाचनालयांत वर्गणी भरून, पुस्तकासाठी नंबर लावून वाचणारी ही जमात टिकून आहे. समासात पेन्सिलीने 'भंकस' लिहिणाराही त्यांच्यातलाच. पण निदान त्या पानापर्यंत तरी तो पोहोचलेला असतो. समीक्षकाबद्दल तेवढी खात्री देता येत नाही.

मग आभार मानायचे कसे? पहिली गोष्ट, पत्राला उत्तर द्यावं. सभा-समारंभांपासून चार हात लांब राहणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडहून पत्रं मात्र भरभरून लिहीत. त्यांच्या निवडक पत्रांचे पुढे खंड निघाले. आम्ही मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतो. तेच चित्र 'शुभ सकाळ'ला, तेच श्रद्धांजलीला. वाचकाला कळत नाही, आपले आभार मानलेत की आपण गेलो!

दुसरी गोष्ट, पुस्तकावर सही करताना त्याचं नाव नीट विचारून घ्यावं आणि 'सप्रेम भेट' लिहू नये. पुस्तक त्याने पैसे मोजून घेतलेलं असतं.

तिसरी, वाचकाने पिशवीतून स्वतःच्या कवितांची वही काढली तर घड्याळाकडे पाहू नये. त्याने आपल्या कादंबऱ्या सोसल्या. आपण दोन-चार कविता ऐकल्याने काही बिघडत नाही. 'वा!' मात्र योग्य जागी म्हणावं.

चौथी, चूक दाखवणाऱ्याचं नाव पुढच्या आवृत्तीत कृतज्ञतेने छापावं. पुढची आवृत्ती निघण्याची चिन्हं नसतील, तर त्याला चहा पाजावा. तो सहसा स्वस्त पडतो.

पण वाचकाचे खरे आभार एकाच रीतीने मानता येतात: त्याचा वेळ न खाता. सांगण्यासारखं असेल तेवढंच सांगावं आणि पंधरा पानांचा ऐवज पाच पानांत बसत असेल तर दहा पानं त्याला परत करावीत. शाल-श्रीफळापेक्षा ही भेट मोठी. फक्त ती देताना लेखकाचा जीव जातो.

तेव्हा वाचकराजा, इथवर आलात, आभारी आहे. आता खुशाल पान उलटा.