बूड न टेकता व्हेनिस

कमी पैशांत व्हेनिस पाहू इच्छिणाऱ्या यात्रेकरूने निघण्याआधी निदान महिनाभर उभे राहण्याचा सराव करावा. सुरुवात बँकेच्या रांगेपासून करावी, मग सकाळी साडेआठच्या लोकलने डोंबिवली ते सीएसएमटी, आणि शेवटी कुणाच्या तरी मुंजीच्या पंगतीत तिसऱ्या पंक्तीची वाट पाहत. हे आपल्याला जड जाऊ नये. आपला देवच मुळी कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे.

या सरावाचे कारण असे की व्हेनिसमध्ये चालणे फुकट, पाहणे बरेचसे फुकट, उभे राहणे स्वस्त आणि बसणे महाग. तिथे भाडे लागते ते बुडाला. हे सूत्र मला चार दिवस आणि आमच्या ह्यांचे दोन गुडघे खर्ची घालून सापडले. मी बँकेत एकतीस वर्षे काढली, त्यामुळे दिसेल त्या गोष्टीचा दर काढायची मला खोड. ह्यांना दर शंभर पावलांवर “अगं, जरा टेकूया” म्हणायची खोड. एका संसारात या दोन खोडी असल्या की मार्गदर्शन आपोआप तयार होते.

मुक्काम मेस्त्रेला करावा. मेस्त्रे म्हणजे व्हेनिसची डोंबिवली. पाण्यावरच्या पुलावरून आगगाडीने दहा मिनिटे, तिकीट दीड युरोच्या आसपास. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. मेस्त्रेला पाहण्यासारखे काही नाही असे लोक नाक मुरडून सांगतात. झोपेत तसेही काही दिसत नाही. शिवाय एक मेख आहे. 2024 पासून व्हेनिस नगरपालिका ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, नुसत्या दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशकर घेते. पहिल्या वर्षी तो पाच युरो होता. पुढच्या वर्षी आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा. पण मेस्त्रे याच नगरपालिकेच्या हद्दीत येते, त्यामुळे तिथे रात्र काढणाऱ्याला हा कर माफ! माफीची नोंद मात्र आधी ऑनलाइन करावी लागते. हॉटेलच्या बिलात वेगळा पर्यटनकर निघतो, तो निमूट भरावा. सगळ्याच आघाड्यांवर जिंकायला आपण काही बाजीराव नाही.

गुणाकाराचे पथ्य. युरोला शंभराने गुणावे, पण पहिल्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गुणाकार बंद करावा, नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्या पुरत नाहीत.

आता गोंडोला. 1979 च्या ‘द ग्रेट गॅम्बलर’मध्ये अमिताभ आणि झीनत अमान गोंडोल्यात बसले आणि तेव्हापासून आमच्या पिढीतल्या प्रत्येक नवऱ्याच्या मनात ते कुठेतरी रुतून बसले आहे. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना एकशेदहा. दर माणशी नसून नावेचा असतो आणि नावेत पाच जण मावतात, म्हणून काटकसरी लोक अनोळखी जोडप्यांशी भागी करतात. मला ते पटले नाही. झीनत अमानने भागी केली नव्हती.

त्यावर उतारा म्हणजे त्रागेत्तो. ग्रँड कॅनॉलवर पूल मोजून चार, म्हणून अधूनमधून दोन नावाडी साध्या, बिनसजावटीच्या गोंडोल्यातून माणसे या काठावरून त्या काठावर सोडतात. पाहुण्याला दोन युरो. सांता सोफियाजवळ चढावे, पलीकडे रियाल्तोचा बाजार लागतो. तिथले लोक या नावेत उभेच राहतात, एका हातात पिशवी आणि चेहऱ्यावर दादरला उतरणाऱ्याची निर्विकारता. आम्हीही उभे राहिलो. ह्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की बघणाऱ्याला प्रेमच वाटावे. फोटो उत्तम आला. प्रवास दोनेक मिनिटांचा. इथे एक धोक्याची सूचना: दोघांचे चार युरो भागिले दोन मिनिटे म्हणजे मिनिटाला दोन युरो, आणि खऱ्या गोंडोल्याचा दर मिनिटाला तीन. फरक फक्त एका युरोचा. हा हिशेब डायरीत करावा, यजमानांना दाखवू नये.

सेंट मार्कच्या चौकात पोचल्यावर परीक्षा सुरू होते. कॅफे फ्लोरिअन तिथे 1720 पासून आहे, म्हणजे शनिवारवाड्याहून थोरले. बाहेर मखमली सुरात वाद्यवृंद वाजत असतो आणि खुर्चीवर बसलेल्याच्या बिलात त्या संगीताचा आकार वेगळा लागतो. चौकात उभे राहून तेच संगीत तितकेच ऐकू येते. आम्ही दोन पूर्ण रचना ऐकल्या, तिसरीला टाळ्याही वाजवल्या. कॉफी प्यायचीच असेल तर गल्लीतल्या साध्या बारमध्ये काउंटरपाशी उभ्याने प्यावी. इटलीत उभ्याची कॉफी आणि बसल्याची कॉफी यांचे दर वेगळे असू शकतात, आणि दरफलकावर ते लिहिलेले असतात. एकच कॉफी, एकच कप. फरक बुडाचा.

पायऱ्यांवर टेकू म्हणाल, तर तेही नाही. सेंट मार्कच्या परिसरात जमिनीवर, पायऱ्यांवर बसण्याला शंभर ते दोनशे युरो दंड आहे. उघड्यावर चहा-कॉफी करण्याचा विचार तर मनातही आणू नये. आपल्याकडची माणसे बॅगेत छोटी किटली, आले किसायची किसणी आणि चहाची पूड घेऊनच हिंडतात म्हणून मुद्दाम सांगते: 2019 च्या जुलैत दोन जर्मन पर्यटकांनी रियाल्तो पुलाच्या पायऱ्यांवर स्टोव्ह पेटवून कॉफी केली. साडेनऊशे युरो दंड झाला आणि शहराबाहेर घालवले ते वेगळेच. कबुतरांना दाणे टाकायलाही 2008 पासून बंदी आहे. आमच्या भडंगाकडे एक कबूतर फार आशेने बघत होते, त्याला आम्ही नियम समजावून सांगितला.

भडंग, बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ चालता चालता खाता येतात, म्हणून तेच न्यावेत. तूप आणि पेढे नेऊ नयेत. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. पाणी विकत घेऊ नये. जागोजागच्या चौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ सतत वाहत असतात, बाटली भरून घ्यावी. आपल्याला ते वाहते पाणी बघून तोटी बंद करावीशी वाटते. तोटी नसते.

पोटभरीसाठी बाकारो शोधावा. बाकारो म्हणजे उभ्याने खायची-प्यायची छोटी दुकाने. तिथे चिक्केत्ती नावाचे घासभर पदार्थ मिळतात. पावाच्या चकतीवर मासा, अंडे, चीज, भाजी, जे दिसेल त्याकडे बोट दाखवावे. सोबत जी वाइनची चिमुकली पेली मिळते तिला ‘ओम्ब्रा’ म्हणतात, शब्दशः सावली. आमच्या ह्यांनी सकाळी अकरा वाजता “जरा सावली घेऊ” म्हटले तेव्हा मी भाबडेपणाने हो म्हणाले.

फुकट बसायच्या जागा अगदीच नाहीत असे नाही. सान जाकोमो देल ओरियोसारख्या चौकांत लाल बाके आहेत. पण त्यांवर तिथल्या आज्या बसलेल्या असतात आणि त्या उठत नाहीत. उठाव्यात तरी का? त्यांचे गाव आहे.

उरले चर्च. सान झक्कारियात आम्ही गेलो तेव्हा आत जायला पैसे नव्हते आणि लाकडी बाके रिकामी होती. ह्यांनी बूड टेकले आणि चार दिवसांचा श्वास सोडला. समोर बेल्लिनीचे 1505 सालचे चित्र, अंधारात. बाजूला पेटी. नाणे टाकले की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. अशा पेटीपाशी शहाण्या यात्रेकरूने घाई करू नये. दुसरे कोणी नाणे टाकेपर्यंत डोळे मिटून भाविकपणे थांबावे. सातव्या मिनिटाला एक जपानी गट आला.

उजेडात दिसले की सिंहासनावर मेरी बसली आहे, तिच्या पायाशी व्हायोलिनसारखे काहीतरी वाजवणारा एक देवदूत बसला आहे, आणि दोन्ही बाजूंचे चारही संत उभे आहेत.

“बघ,” हे म्हणाले, “पाचशे वर्षं झाली, बिचाऱ्यांना कुणी बस म्हणालं नाही.”

खट्‌कन दिवा विझला. जपानी गट निघून गेला. हे उठायला तयार नव्हते. मी पर्स उघडली आणि पन्नास सेंटचे नाणे पेटीत टाकले. डायरीत ते ‘किरकोळ’मध्ये दाखवले आहे.