आमिश बायका आणि वालाचं बिरडं

पत्ता विठ्ठलवाडीचा आणि वाचन ख्रिस्ती बायकांच्या गोष्टींचं, याचं आमच्या घरी कुणाला वावडं नाही. वावडं आहे ते वाचनाचं. घरातला पुरुष पेपर उघडून बसला की तो वाचत असतो, बाई पुस्तक उघडून बसली की ती रिकामी असते. रिकाम्या बाईला हाक मारायला कुणाची परवानगी लागत नाही. "अगं, माझा चार्जर कुठाय?" चार्जर ह्यांच्या उशाशीच असतो, आणि ते ह्यांनाही माहीत असतं.

हा नाद मला शेजारच्या उल्हासनगरातल्या रद्दीच्या दुकानात लागला. तिथे इंग्रजी पुस्तकं किलोवर मिळतात. कॉम्प्युटर शिकवणारी जुनी गाइडं, वजन कमी करण्याचे मंत्र, आणि मधूनच एखादं पुस्तक असं की मुखपृष्ठावर पांढरी टोपी बांधलेली खाली मान घातलेली मुलगी, मागे गव्हाचं शेत, त्यामागे घोडागाडी. अमेरिकेतल्या ख्रिस्ती वाचक बायकांचा हा फार मोठा बाजार आहे. कॅनडाच्या जेनेट ओक यांनी १९७९ साली 'लव्ह कम्स सॉफ्टली' लिहिली आणि हा प्रवाह जोरात वाहू लागला. पुढे १९९७ साली बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग' आली आणि आमिश लोकांच्या गोष्टींना ऊतच आला. आमिश म्हणजे पेनसिल्व्हेनियात वगैरे राहणारे, घरात विजेची जोडणी न घेणारे आणि मोटार न बाळगणारे ख्रिस्ती. विजेविना राहण्याचा प्रयोग आमच्याकडेही अधूनमधून होतो, पण आम्ही त्याला धर्म न म्हणता लोडशेडिंग म्हणतो.

या कादंबऱ्यांचा मोठा गुण म्हणजे त्या सासूबाईंसमोर वाचता येतात. नायक-नायिका अर्धं पुस्तक संपेपर्यंत एकमेकांचा हात धरत नाहीत. दारुडा असेल तर शेवटच्या पन्नास पानांत सुधारतो. मधल्या काळात नायिका गोधड्या शिवते, लोणी काढते, प्रार्थना करते आणि केक भाजते. खूप केक भाजते.

आमच्याकडे वालाचं बिरडं असलं की तास-दीड तास बैठक ठरलेली. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग गरम पाण्यात टाकून एकेक सोलायचा. नखाने टोक दाबलं की डाळिंबी साल सोडून टुणकन उडते, कधी परातीत, कधी सोफ्याखाली. एका रविवारी मी पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि दोन्ही हातांनी वाल सोलत, कोपराने पान उलटत वाचायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "एकटीच काय हसतेस? मलाही सांग." मग मी इंग्रजीतून वाचत गेले आणि मराठीतून सांगत गेले. धान्याचं कोठार जळालं, गावाने एका दिवसात नवं उभं केलं, बायकांनी पन्नास माणसांना जेवायला घातलं. इथे सासूबाईंचा हात थांबला.

"पन्नास माणसं जेवली?"

"हो."

"मग भांडी कुणी घासली?"

मी पान मागे-पुढे करून पाहिलं. भांड्यांचा उल्लेख नव्हता.

"पुरुषाने लिहिलेलं दिसतंय."

"नाही आई, बाईनेच लिहिलंय."

"मग तिच्याकडे मोलकरीण असणार," असा निकाल देऊन त्यांनी पुढचा वाल उचलला.

असं एक पुस्तक मराठी वाचकांनीही घरोघर वाचलं, ते म्हणजे 'चौघीजणी'. लुईसा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' १८६८ साली आली आणि शांता शेळके यांनी ती मराठीत आणून आपल्याकडच्या मुलींच्या हाती दिली. ही एक ख्रिस्ती घरातली गोष्ट आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वडील युद्धात धर्मोपदेशक म्हणून गेलेले, नाताळच्या सकाळी मुली आपली न्याहारी उचलून एका गरीब कुटुंबाला देऊन येतात, आईने भेट दिलेली धर्माची छोटी पुस्तकं उशाखाली. याहून ख्रिस्ती ते काय असणार? तरी ती आपलीच वाटते, कारण त्या घरात पैशाची ओढाताण आहे आणि कामाच्या वाटण्या आहेत.

त्यातलं मला सर्वांत आवडतं प्रकरण म्हणजे आईच्या सुट्टीचं. मुली ठरवतात, आठवडाभर काही काम करायचं नाही, नुसती मजा. आई काही बोलत नाही. शेवटच्या दिवशी ती जाहीर करते की आज मीही सुट्टीवर, मी वाचणार, लिहिणार, भेटीगाठींना जाणार. मग घराची जी काय दैना होते! ज्यो पाहुण्यांना जेवायला बोलावते आणि स्ट्रॉबेरींवर साखरेऐवजी मीठ घालते. बेथचा कॅनरी पक्षी खायला-प्यायला न मिळाल्याने मरतो. हे प्रकरण मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या कॅनरीबद्दल दोन मिनिटं हळहळल्या आणि म्हणाल्या, "पण आई शहाणी हो!" भांड्यांच्या परीक्षेत अल्कॉटबाई पहिल्या वर्गात पास झाल्या.

त्याच परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारं पुस्तक मात्र कादंबरी नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने छापली गेली. लहान वयात लग्न, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षरओळख नवऱ्याने करून दिली. आणि नवरा कोण, तर रेव्हरंड नारायण वामन टिळक. मोठे कवी, दिलदार माणूस, पण घरात पैसा टिकू द्यायचा नाही आणि न सांगता उठून कुठेही निघून जायचं. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. अमेरिकन कादंबरीकारणीने या एवढ्या ऐवजावर सहा भाग काढले असते आणि सगळ्यांत मुखपृष्ठावर टोपी घातली असती. लक्ष्मीबाई हे सगळं ओट्याशी उभं राहून शेजारणीला सांगावं तसं सांगतात. वडिलांच्या सोवळ्याचा धाक आहे, पाहुण्यांची रीघ आहे, पोरकी मुलं वाढवणं आहे आणि नवऱ्याशी भांडणही आहे. माझ्या मते ख्रिस्ती बाईने लिहिलेलं इतकं खरं पुस्तक मराठीत दुसरं नाही, आणि त्या रद्दीतल्या टोपीवाल्या सगळ्या जणी मिळूनही त्याच्या पासंगाला पुरत नाहीत. टिळक म्हणत की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे पोचले. विठ्ठलवाडीच्या पत्त्यावर हे पुस्तक शोभतं ते त्यामुळे.

तसं पाहिलं तर मराठी कादंबरीचा जन्मच ख्रिस्ती घरातला. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. ती बाईने लिहिलेली नाही, पण विषय बायकांचाच, विधवांच्या हालअपेष्टांचा. वाचायला आज जरा जड जाते. बिरड्याला उपयोगी नाही.

यमुना म्हटलं की मला कल्याणची यमुना आठवते. लग्नानंतर तिचं नाव आनंदी झालं आणि पुढे ती डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. तिच्या घरी सगळा उलटा कारभार. कल्याणच्या पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव बायको अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली की भडकत, हातही उचलत. बाईने वाचावं म्हणूनही मार आणि वाचू नये म्हणूनही मार, असं आपल्या या कल्याणने पाहिलेलं आहे. त्यावर विनोद करवत नाही.

पण त्याच हकीकतीतला एक तपशील मला फार प्रिय आहे. बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीने १८८० साली तो वाचला. कुठे? दाताच्या डॉक्टरकडे, नंबर यायची वाट बघत. मग तिने आनंदीबाईंना पत्र लिहिलं, पुढे त्यांना आपल्या घरी आणलं, त्यांची मावशी झाली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंनी धर्म बदलला नाही, मावशीनेही जीव लावणं सोडलं नाही. दाढ दुखत असताना चाळलेल्या मासिकातून एवढं घडलं. त्या दिवशी कुणी हाक मारली असती तर?

आम्हा बायकांचं बहुतेक वाचन असंच, कशाची तरी वाट बघताना होतं. विठ्ठलवाडीला सकाळची गाडी येते तीच मुळी बदलापूर-कर्जतची माणसं पोटात घेऊन. उभ्याने एक हात कडीला आणि दुसऱ्यात पुस्तक धरून ठाण्याला उतरणारी बाई हेरायची. जागा मिळाली की घाटकोपरपर्यंत एक प्रकरण होतं. समोरची भाजी निवडत असते, बाजूची डुलक्या घेत असते, आणि "आई, स्टेपलर" म्हणणारं तिथे कुणी नसतं. घरी निवांत बसून वाचणं जास्त चांगलं असं लोक म्हणतात. म्हणोत. जेनेट ओक, अल्कॉट आणि लक्ष्मीबाई या तिघींनीही घरच लिहिलंय, त्यामुळे त्या घरकामाच्या मधल्या फटीत नीट बसतात.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे, म्हणजे आनंदीबाईंपेक्षा एका वर्षाने मोठं. डोंबिवलीत पै यांची फ्रेंड्स लायब्ररी आहे, ठाण्यात १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. घरातल्या बाईच्या नावाने यंदा एक कार्ड काढा. पुस्तक बदलायला तिची तीच जाईल. येताना कोथिंबीर घेऊन ये, असं मात्र तिला सांगू नका.