तीन मांजरं

नाही, माझा मुलगा जपानला नाही. मुलगीही तिकडे दिलेली नाही. मुळात मला मुलगाही नाही, मुलगीही नाही आणि त्यांच्यासाठी आधी लागतो तो नवराही नाही. तरी मी जपानी शिकते, हे आमच्या सोसायटीच्या पचनी पडत नाही. बाईने पन्नाशीनंतर काही शिकायचं तर त्यामागे परदेशातल्या सुनेचं बाळंतपण तरी हवं. पु. ल. देशपांड्यांनी पन्नाशीत शांतिनिकेतनात मुक्काम ठोकून बंगालीचे धडे गिरवले, तेव्हा 'जावई कलकत्त्याचा का हो?' असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

खरं सांगायचं तर मला भाव खायचा होता. शाळेत संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवून पुढे सगळी हयात बँकेत पासबुकं भरण्यात गेली. कौतुक म्हणून कुणी केलं नाही. क्लासात सगळी आयटीतली पोरं, कंपनीने पाठवलेली, जांभया देणारी. हिरागानाच्या तक्त्यात अ-इ-उ-ए-ओ आणि पुढे क-स-त-न दिसलं, तेव्हा तर मी खुर्चीत रेलूनच बसले. हा क्रम बौद्ध भिक्षूंमार्फत संस्कृत वर्णमालेवरून तिकडे पोचलेला. क्रियापदही आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. म्हणजे माल आपलाच. मी फक्त परत आणायला गेले होते.

मग मोजणी आली.

जपानीत नुसतं एक-दोन-तीन म्हणून भागत नाही. लांबट वस्तू वेगळ्या मोजायच्या, चपट्या वेगळ्या, यंत्रं वेगळी, माणसं वेगळी. छत्री, बाटली, पेन्सिल: इप्पोन, निहोन, साम्बोन. ताट, चादर, तिकीट: इचिमाइ, निमाइ, सान्माइ. फोनसुद्धा (यंत्र नव्हे, आलेला फोन) लांबट वस्तूंतच मोजतात. आमच्या मावसबहिणीचा फोन ज्यांनी घेतलाय त्यांना हे शास्त्रशुद्ध वाटेल. ससा पक्ष्यांत मोजायची रीत आहे. का, ते विचारू नये. आपणही मेथी जुडीने, कागद तावाने आणि केळी फणीने मोजतोच, पण म्हणून आपली जुडी तिसऱ्या आकड्याला रूप पालटत नाही. मला मात्र नादच लागला. शेवग्याच्या शेंगा साम्बोन, पोळ्या निमाइ. चकलीपाशी अडले. उलगडली तर लांब, गुंडाळली तर चपटी. सेन्सेईला विचारलं. ती माझ्या निम्म्या वयाची. म्हणाली, "काकू, घेऊन या, बघून ठरवू." नेल्या. संपल्या. निकाल राखून ठेवलाय.

त्यानंतर आवडीनिवडींची उजळणी होती. तुम्हाला काय आवडतं? पोरांनी क्रिकेट, बिर्याणी, अ‍ॅनिमे असं भराभर सांगून टाकलं. माझी पाळी आली आणि माझं तोंडच उघडेना. शब्द सगळे पाठ होते, उत्तर नव्हतं. मराठीत हा प्रश्न मला शेवटचा कुणी विचारला होता, तेही आठवेना. आईला मधुमेह म्हणून घरात गोड नाही, वात म्हणून वांगं नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण वांगं मी अजून आणत नाही. ते मला आवडत नाही असंच धरून चालले होते. दूधवाल्याशी 'अर्धा', वॉचमनशी 'हो', लिफ्टमध्ये 'तिसरा'. माझं दिवसभराचं मराठी एवढ्यात आटपतं. त्यात आवडीला जागा कुठली?

सगळे वाट बघत होते. "नेको," मी ठोकून दिलं. मांजर. सेन्सेई खुलली. किती आहेत?

एकही नाही, हे सांगता आलं असतं. पण एकाला इप्पिकी, दोनाला निहिकी आणि तिनाला साम्बिकी; तिथे भल्याभल्यांची दांडी उडते. ही संधी मी सोडणार होते होय? मान ताठ करून म्हणाले, "साम्बिकी!" सेन्सेईने टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या पोरांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कौतुक अखेर न पाळलेल्या मांजरांमुळे झालं.

आता मांजरांना नावं आहेत. काळीचं नाव वांगी. तिला मासे चालत नाहीत, दहीभात लागतो. हे सगळं मी जपानीत सांगते आणि हल्ली माझी वाक्यं क्लासात सर्वांत लांब असतात. परवा एका मुलाने विचारलं, गच्चीत मांजर व्यायलीय, एक पिल्लू ठेवाल का? तीन आहेतच, तिथे चौथं काय जड! चाराला योन्हिकी, सोपं आहे. मी हो म्हटलं. रविवारी तो स्वतः घरी आणून देणार आहे, आणि बाकीची तिघं कुठायत हे जपानीत कसं सांगायचं, तो धडा अजून झालेला नाही.