एका रुपयात वीजघर

२०१७ च्या जूनमध्ये टाटा पॉवरने मुंद्र्याच्या औष्णिक प्रकल्पातला ५१ टक्के हिस्सा वीज घेणाऱ्या राज्यांना देऊ केला. किंमत एक रुपया. प्रकल्प चार हजार मेगावॅटचा, समुद्राकाठचा. वीज घ्यायला महाराष्ट्रासह पाच राज्यं कराराने बांधलेली. एवढं असूनही सौदा झाला नाही.

२००६ साली बोली लावताना हिशेब चोख होता. कोळसा इंडोनेशियाचा, करार पंचवीस वर्षांचा, युनिटचा सरासरी दर २ रुपये २६ पैसे. पुढे २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम केला, की आमचा कोळसा आंतरराष्ट्रीय भावाखाली विकायचा नाही. झालं! वीज विकावी तितका तोटा, अशी गत आली. आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशातला कायदा बदलला म्हणून इथले दर वाढवून मिळणार नाहीत.

असे कोळशाचे प्रकल्प मंजूर करणारे साहेब लोक सौर प्रकल्पाचा प्रस्ताव समोर आला की मात्र चष्मा पुसून विचारतात, 'ढग आले तर?' जकार्त्याच्या मंत्र्याची लहर फिरली तर, या प्रश्नाला छापील अर्जात रकाना नसतो.

करार केला म्हणून जोखीम टळत नाही, हे शिक्षण महाराष्ट्राने आधीच, भरभक्कम फी मोजून घेतलं होतं. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. वीज घ्या अगर न घ्या, स्थिर आकार द्यायचाच. हिशेब डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, राज्याने थकवले तर केंद्राची. एवढ्या कुलपांतून जोखीम आत शिरणार कुठून? ती बाहेरच राहिली, म्हणजे बिल भरणाऱ्याच्या दारात. १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प गाजावाजा करून रद्द केला आणि पुढच्याच वर्षी तो नव्या कराराने वाजतगाजत परत आला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ च्या मे महिन्यात बंद पडली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं जाहीर केलं. या सगळ्या काळात प्रकल्पाजवळच्या गुहागरला सूर्य रोज वेळेवर उगवत होता. त्याच्याकडे हमीपत्र नव्हतं, एवढाच त्याचा दोष.

परळीच्या औष्णिक केंद्राचं दुखणं आणखी साधं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणीच उरलं नाही, म्हणून संच बंद करावे लागले.

अपारंपरिक ऊर्जेकडे वळलेल्या कंपन्या फार भाबड्या होत्या, असंही कुणी समजू नये. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या वाऱ्याइतक्याच आयकराच्या जोरावर. पहिल्याच वर्षी ८० ते १०० टक्के घसारा मिळे. वारा पडला तरी चालेल, घसारा पडता कामा नये! २०१२ मध्ये ही वाढीव सवलत काढली आणि नव्या पवनचक्क्या देशभर रोडावल्या. वारा होता तिथेच होता.

सूर्य मावळतो, हे मान्यच करायला हवं. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हाच पॅनेलं झोपी जातात. मग बॅटऱ्या हव्यात, कोयनेचं पाणी राखून ठेवायला हवं, आणि त्याचा खर्च बोलीतल्या स्वस्त दरात दिसत नाही. ही अडचण निदान पंचांगात छापून येते. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात नवं सरकार आलं आणि आधीच्या सरकारने केलेल्या सौर-पवन करारांचे दर पुन्हा ठरवायला बसलं. तो मुहूर्त कुठल्याच पंचांगात नव्हता.

शहरातल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही हाच तराजू चालतो. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय निघाला, की पंचवीस वर्षांची हमी कोण देणार, गारा पडल्या तर काय, सरकारी अनुदान खरंच खात्यात येतं का, यावर दोन तास जातात. शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. त्यानंतर लिफ्टसाठी नवा डिझेल जनरेटर घ्यायचा ठराव बिनविरोध मंजूर होतो. डिझेलच्या पंचवीस वर्षांच्या भावाची हमी त्यात कुणी मागत नाही; फक्त कोटेशनं तीन लागतात.