खुडूकमोडे अण्णा

आमच्या पाटणकडच्या वाडीत कोंबडी खुडूक झाली की ते आधी तिला कळतं, मग अण्णांना आणि सगळ्यात शेवटी तिच्या मालकाला. आपण सकाळी परसात दात घासत उभे असतो आणि कुंपणापलीकडून आवाज येतो, "तुमची तांबडी काल पिसं फुलवून फिरत होती. आवाज ऐकलात का तिचा? बघा जाऊन." आपण चूळ भरून खुराड्यात डोकावतो. तांबडी अंधाऱ्या कोपऱ्यात अंग पसरून बसलेली असते. खाली अंडं नसतंच, फार तर एखादा गोल दगड असतो. हात पुढं केला की ती गुरगुरते आणि नेमकी नखाच्या मुळाशी चोच मारते. तोवर अण्णा फाटक उघडून आत आलेले असतात.

अण्णा पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाले. खात्यात ते कारकून होते ही गोष्ट वाडी विसरून गेली आहे आणि अण्णांनी तिची कुणाला आठवण करून दिलेली नाही. लसींच्या मागणीपत्रांवर जावक क्रमांक टाकता टाकता त्यांना राणीखेतपासून देवीपर्यंत सगळं पाठ झालं. प्रत्यक्ष कोंबडी त्यांनी पहिल्यांदा हातात धरली ती निवृत्तीनंतर, आणि तीही डोक्याला हेल्मेट आणि हातांत लोकरीचे मोजे घालून.

वाडीत खुडूक मोडायच्या जुन्या रीती आहेत. कुणी कोंबडीला गार पाण्यात बुडवून काढतं, कुणी तिच्याच अंगाचं पीस तिच्या नाकात अडकवतं, कुणी पायाला सुतळी बांधून उन्हात ठेवतं. पलीकडच्या घरातली म्हातारी आत्या तर काहीच करत नाही. ती कोंबडीला दोन्ही पंखांत धरून उचलते, दाराबाहेर भिरकावते आणि खुराड्याला फळी लावते. दिवसातून दहादा. अण्णांना या सगळ्याचा संताप येतो. "अहो, हा हट्ट नाही, हॉर्मोन आहे!" असं म्हणून ते ओट्यावर बसतात, आणि मग चहा ठेवावा लागतो.

मेंदूच्या तळाशी एवढीशी ग्रंथी असते. तिथून प्रोलॅक्टिन सुटलं की कोंबडी अंडी घालणं थांबवते आणि बसते. पोटाची पिसं गळतात, तिथली कातडी तापते, त्या उघड्या कातडीला अंडं लागलं की प्रोलॅक्टिन आणखी वाढतं. म्हणून अंडी रोजच्या रोज उचला, खुराड्यात रात्रीची ठेवू नका. आणि बसलीच, तर तळाला जाळी असलेला पिंजरा आंब्याच्या फांदीला टांगा. गवताची काडी नको, पोतं नको. दाणापाणी द्या, खालून वारा लागू द्या. पोट गार पडलं की तीन-चार दिवसांत कोंबडी ताळ्यावर येते. अंडी मात्र लगेच मागू नका, त्याला आणखी दोन-तीन आठवडे. हे सगळं बरोबर आहे, हे कबूल करावंच लागतं. अण्णांच्या सांगण्यावरून वाडीतल्या किती तरी कोंबड्या मार्गाला लागल्या. एकानं फक्त उत्साहाच्या भरात तालुक्याच्या मेडिकलमध्ये जाऊन 'प्रोलॅक्टिनची गोळी, कोंबडीसाठी' मागितली. दुकानदारानं त्याला कॅल्शियम दिलं.

अण्णांच्या स्वतःच्या घरी सात-आठ कोंबड्या. त्यांतल्या निम्म्या सदा बसलेल्या.

कारण लोकांच्या कोंबडीला जे हॉर्मोन असतं, ते अण्णांच्या कोंबडीला नसतं. "हिचं वेगळं आहे." एकीची गेल्या खेपेची पिल्लं मुंगसानं नेली, तिला एक संधी द्यायला हवी. दुसरीचा वाण चांगला. तिसरी पाऊस तोंडावर आल्यावर बसली, आता तिला कुठं टांगायचं? पिंजरा त्यांच्या आंब्याला वर्षभर टांगलेला असतो, पण त्यात काकूंनी कांदे ठेवलेत. अण्णा टोपलीत पेंढा अंथरतात, चुलीची राख भुरभुरतात म्हणजे उवा होणार नाहीत, दहा-अकरा अंडी मांडतात आणि कॅलेंडरवर २१ दिवसांपुढच्या तारखेला तांबडं वर्तुळ करतात. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादश्या, चतुर्थ्या शोधाव्या लागतात.

याचा हिशेब काकू मांडतात तो असा. गावठी कोंबडी मुळात वर्षाला ६०-७० अंडी घालणार. त्यातून ती २१ दिवस बसली आणि पुढं दोन-अडीच महिने पिल्लांमागं फिरली, की उरलं काय? उरलेलं पुढच्या कोंबडीच्या टोपलीत. म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळलेल्या घरात अंडी येतात किराणा दुकानातून, पांढरी, लेगहॉर्नची. अण्णांना लेगहॉर्नविषयी फार वाईट वाटतं. "वर्षाला २८०-३०० अंडी घालते, पण बसायचं विसरली बिचारी. माणसानं निवडून निवडून तिच्यातलं खुडूकपणच काढून टाकलं." हे ते तिच्याच अंड्याचं ऑम्लेट खात सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात मात्र प्रकरण कोंबड्यापर्यंत गेलं. अण्णांचा कोंबडा बोडक्या मानेचा होता. जन्मापासून मान उघडी, लालभडक. असल्या कोंबड्याच्या अंगातली उष्णता चटकन बाहेर पडते, उन्हाळा त्याला बाधत नाही, असं सांगत अण्णांनी तो साऱ्या वाडीत मिरवला होता. त्याच्या भरवशावर त्यांनी तांबडीला अकरा अंड्यांवर बसवलं. सातव्या रात्री घरातले दिवे मालवले, मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. फळलेल्या अंड्यात एव्हाना काळा ठिपका आणि त्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसायला हवं. अकरा अंडी पाहिली, अकराही कोरी. अण्णा रात्री साडेदहाला आमच्याकडे आले आणि पाणी मागितलं.

चौकशी दोन दिवस चालली. अंडी शिळी नव्हती, तांबडी हलली नव्हती. उरला कोंबडा. "दिसायला दांडगा, पण आतून पोकळ," असा शेरा पडला आणि रविवारी त्याचा रस्सा झाला. काकूंनी वाटण सढळ हातानं केलं होतं. आमच्याकडे वाटी आली तीत चक्क तंगडी होती, तेव्हाच आईला संशय आला. तिनं काकूंना परसात गाठलं.

झालं होतं एवढंच. तांबडी बसली त्याच दिवशी जावई आले होते. जावयाला दुकानातलं पांढरं अंडं वाढायचं? काकूंनी टोपलीतली अंडी काढून रस्सा केला आणि बाजारातून 'गावठी' म्हणून आणलेली तपकिरी अंडी तांबडीच्या पोटाखाली सरकवली. आता ती तपकिरी अंडीही पिंजऱ्यातल्या लेअरचीच; तिथं कोंबडा औषधालाही नसतो. टरफलाच्या रंगावरून गावठीपण ठरत नाही, रंग जातीवर असतो, हे वाडीला कुणी शिकवलं होतं? अण्णांनीच. "मग सांगायचं की त्यांना," आई म्हणाली. काकू म्हणाल्या, "सांगणार होते. पण ते सुरीला धार लावून आले होते."

यात अण्णांची काळी कोंबडी कुणाच्या लक्षातच राहिली नाही. ती रविवारच्या आठवडाभर आधीपासून बेपत्ता होती. मुंगसाच्या नावावर तिचा निकाल लावून अण्णांनी वहीत तिच्यावर काट मारली होती. रस्सा होऊन पंधरवडा उलटला आणि एका सकाळी कडब्याच्या गंजीमागून काळी बाहेर आली. हाडं निघालेली, तुरा फिका पडलेला, आणि मागं सात पिल्लं. सातातल्या पाचांच्या माना बोडक्या.

बघायला वाडी लोटली. वाडीतले बाकीचे सगळे कोंबडे मानेवर भरघोस पिसं मिरवणारे, त्यामुळं बापाविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती. म्हातारी आत्या खाली वाकून पिल्लांकडे बघत म्हणाली, "आण्णा, त्यो तर पोकळ व्हता न्हवं?"

अण्णांनी चष्मा पुसला. एक पिल्लू उचलायला गेले, काळी अंगावर आली, ते मागं सरले. मग त्यांनी घसा खाकरला. दोष कोंबड्यात नव्हताच, हे त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. कळपातला कोंबडा प्रत्येक कोंबडीला सारखा लागू पडतो असं नाही. त्यात आवडनावड असते, हे शास्त्रात आहे. "काळीशी त्याचं जमत होतं," अण्णा म्हणाले, "तांबडीशी जमलं नसणार."

काकू उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "जमत होतं हो त्यांचं. चांगलं जमत होतं."