खिडकीतले भावी आमदार

आमच्या गावात वादळवाऱ्यानं खिडकी फुटली की सुताराला कोणी शोधत नाही. आधी बॅनर शोधतात. 'कोणाचं बॅनर हाय का रे घरात?' अशी हाक एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जाते. त्यातलं 'कोणाचं' हे बॅनरच्या मालकाबद्दल नसतं, बॅनरवरच्या चेहऱ्याबद्दल असतं. 'सायबांचं नको, त्याचा रंग उडून पाणी झिरपतंय. दादांचं आण, दादा जाड हायत.' आमच्या भागातल्या पुढाऱ्यांच्या कामाचं मोजमाप वर्तमानपत्रवाले कशावरून करतात ते मला ठाऊक नाही. दुधनेकाठच्या आमच्या गावात ते कापडाच्या जाडीवरून होतं.

आज्जीला हे सगळं मुळातच मान्य नाही. तिचं म्हणणं असं की खिडकी असती म्हणून फुटती. तिच्या माहेरचं आणि सासरचं, दोन्ही घरं माळवदाची. दोन-अडीच हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि मातीचा थर. आत दुपारी बारालासुद्धा तिन्हीसांज. उजेडासाठी छताला एक सवणं, म्हणजे वीतभर भोक. त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली उतरायचा आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहायचा. आज्जी त्यावर स्वयंपाकाची वेळ लावायची. पाऊस आला की घरातलं एक पोरगं माळवदावर पळायचं आणि सवण्यावर घमेलं पालथं घालायचं. तातडीच्या डागडुजीचं सगळं शास्त्र एका घमेल्यात संपलेलं.

आणि परभणीच्या हवेत ते बरोबरही होतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा 44 च्या पुढं जातो, आणि 2018 च्या डिसेंबरअखेरीला इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. एकाच घराला एवढी दोन टोकं सोसायची तर त्याला भोकं कमी असलेलीच बरी. निजामाच्या राज्यात बदलीला घाबरणारे नोकरदार 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत, असं सांगतात. ते गावाला घाबरत होते की हवेला, हा प्रश्न मला तरी मोकळाच वाटतो.

मग माळवदं गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि जड भिंती, जड छतं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर मराठवाडाभर मातीच्या छताखाली निजताना लोकांचा डोळा लागेना. आमच्या गल्लीतही एकेक माळवद उतरत गेलं आणि पत्रा चढला. पत्रा अंगावर पडला तर माणूस वाचतो, हा त्यातला हिशेब. पण पत्र्याला त्याची स्वतःची म्हणून एक खोड आहे. तो वाऱ्याबरोबर जातो. म्हणून पत्र्यावर दगड ठेवायचे. भूकंपात छताचं ओझं नको म्हणून माती उतरवली आणि वाऱ्यात पत्रा जाऊ नये म्हणून वर धोंडे चढवले. असे आम्ही व्यवहारी लोक.

ही व्यवस्था तीस वर्षं बिनबोभाट चालली. मग 2024 चा मार्च उजाडला. 16 तारखेला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि चौकाचौकातली बॅनरं उतरली. पाचच दिवसांनी, 21 तारखेला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोलीकडं 4.5 रिश्टरचा धक्का बसला. परभणी-नांदेडपर्यंत भांडी वाजली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात प्रशासनानं आवाहन केलं की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. ते आवाहन मोबाईलवरून आमच्या गावात आलं तेव्हा त्यातला जिल्हा गळून पडला होता आणि 'आजच्या आज' हे दोन शब्द वाढले होते. काकांनी त्याच दिवशी दगड उतरवले. थोडक्यात, एकाच आठवड्यात आमच्या पत्र्यावरचे दगड खाली आले आणि चौकातले भावी आमदार आमच्या माडीवर, गुंडाळी करून, सोयाबीनच्या पोत्यांमागं आले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

इथं काकांच्या खिडकीविषयी सांगायला हवं. कापसाला एका साली बरा भाव मिळाला तेव्हा काकांनी समोरच्या खोलीला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. काळपट काच. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. आमच्या गावात आत काय चाललंय हे बघायला कोणी खिडकीपाशी जात नाही, सरळ घरात येतात. त्यामुळं त्या काचेचा उपयोग गल्लीतल्या तरुण पोरांना भांग पाडायलाच झाला. काकू त्या पोरांना आतून न्याहाळायची आणि कोणाचं लग्न जमवायची वेळ झालीय ते ठरवायची. आज्जी मात्र त्या खिडकीकडं पाठ करून बसायची. 'काच हाय. जाणार.' एवढंच.

मे महिन्यातल्या एका रात्री ती गेली. दिवसभर कढत ऊन, संध्याकाळी वारा पडलेला, मग पश्चिमेकडून धुळीचा लोट, आणि वीज गेली. नेहमीचाच वळीव. अंगणातल्या कडुनिंबाची फांदी मोडून थेट सरकत्या काचेवर आली. काच फुटल्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. खरं भय पुढंच होतं. वाऱ्याच्या तोंडची खिडकी उघडी पडली की वारा घरात शिरतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग तो आतून छताला वर रेटतो. बाहेरून वरच्या अंगानं वारा पत्र्याला ओढतच असतो. म्हणजे खालून ढकलणं आणि वरून ओढणं, आणि दगड तर मार्चमध्येच उतरवलेले. पत्र्याचे हुक कुरकुरायला लागले तशी काकांनी ठेवणीतली आरोळी ठोकली: 'बाज आणा! बाज!'

बाज उभी करून खिडकीला लावली. बाजेला सुंभाच्या जाळीत जेवढी भोकं असतात त्या सगळ्यांतून वारा आला. म्हणून बाजेवर गोधडी टाकली. गोधडी उडाली, म्हणून बाजेला ज्वारीचं पोतं टेकवलं. पोतं लवंडलं, म्हणून पोत्याला आधार म्हणून मला उभं केलं. परभणीच्या कॉलेजात मुलांना शिकवणारा माणूस ज्वारीच्या पोत्याला पाठ लावून उभा आहे आणि चुलतभाऊ माडीवर मोबाईलच्या उजेडात पुढारी शोधतोय, असं ते दृश्य.

एव्हाना शेजारी जमा झाले होते. परदेशात म्हणे रात्री-अपरात्री खिडक्या-दारं फळ्यांनी बंद करून देणाऱ्या कंपन्या असतात. फोन केला की गाडी येते. आमच्याकडं फोनही करावा लागत नाही. पत्रा वाजला की माणसं येतात. फक्त त्यांच्याजवळ फळ्या नसतात, सल्ले असतात. 'आतून ठोका.' 'आतून नको, बाहीरून ठोका, आतून ठोकलं की वारा मोळे उपसतो.' 'आधी काच काढा.' 'काच राहू द्या, धरून ठेवती.' एक आजोबा नुसतेच 'आमच्या टायमाला' एवढं म्हणून थांबले, कारण पुढचं विजेच्या कडकडाटात गेलं.

चेष्टा पुरे. बॅनर ठोकणं ही कला आहे आणि ती मी त्या रात्री जवळून पाहिली. शेजारचे मामा आले. व्यवसायानं ते ना सुतार ना गवंडी, पण गावातल्या निम्म्या फुटक्या खिडक्या त्यांच्या हातच्या. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे बॅनर मोजलं नाही, झटकलं. मग कडा दोनदा दुमडल्या; एकेरी कडेत मोळा ठोकला की कापड मोळ्यापासून उभं फाटत जातं. मग खिशातून सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची टोपणं काढली. मामांच्या खिशात ती कायम असतात. टोपण कापडावर पालथं ठेवायचं आणि त्याच्या मधोमध मोळा ठोकायचा, म्हणजे मोळ्याचं डोकं कापडातून आरपार जात नाही. आधी वरची बाजू, मग वाऱ्याकडची, मग दुसरी. खालची बाजू शेवटी, आणि तीही मधे चार बोटं मोकळी. 'वाऱ्याला थोडं जाऊ द्यावं लागतंय,' मामा तोंडातले मोळे न काढता म्हणाले. भिंतीत मोळा शिरत नव्हता तिथं त्यांनी गजाला बांधकामाची तार गुंडाळली. अर्ध्या तासात पत्र्याची कुरकुर थांबली. काकूनं मोबाईलच्या उजेडात चहा केला. सल्ले देणाऱ्यांना आधी मिळाला.

सकाळी उठून बघतो तर खिडकीत भावी आमदार. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांसह. घाईत तोंड घराच्या आतल्या बाजूला आलेलं, त्यामुळं ते हात जोडून आमच्याकडं बघत होते. मोठ्या बॅनरांना वाऱ्यासाठी अर्धगोल चिरा दिलेल्या असतात. त्यातली एक नेमकी त्यांच्या ओठांवर आली होती. वारा सुटला की ती चीर फडफडायची आणि साहेब बोलायला लागायचे. रात्री दोनला बोलायचे, पहाटे चारला बोलायचे. आज्जी अंथरुणातून म्हणायची, 'बास करा आता.' पण वाऱ्यापुढं कोणाचं चालतंय.

पंचनामा झाला. तलाठी भला माणूस होता. त्यानं खिडकी बघितली, काकांचं दुःख ऐकलं आणि नियम सांगितला: घराची किमान 15 टक्के पडझड असेल तर मदत, पक्क्या घराला साडेसहा हजार. मग ओसरीवर गणित सुरू झालं. खिडकी ही घराच्या किती टक्के? क्षेत्रफळावर दोन टक्केसुद्धा भरेना. किमतीवर धरली तर काकांच्या मते चाळीस. 'म्हंजे आणखी सात-आठ खिडक्या फुटाया पायजेत,' चुलतभावानं हिशेब केला. 'आपल्याला एवढ्या खिडक्याच नाहीत,' काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माळवद सोडल्याचं नाही, तर खिडक्या कमी ठेवल्याचं वाईट वाटलं.

सेलूच्या काचवाल्याला फोन केला. तो 'माप पाठवा' म्हणाला. माप पाठवलं. 'पेरण्या होऊ द्या,' म्हणाला. पेरण्या झाल्या. 'पोळा होऊ द्या.' त्याचं पंचांग चालू राहिलं आणि आम्हालाही बॅनरची सवय झाली. तसं आमच्या गावात तात्पुरतं म्हणून ठोकलेलं काहीच उतरत नाही. एका घराच्या न्हाणीच्या खिडकीला डीएपीचं पोतं आहे, त्यावरची किंमत वाचून म्हातारे उसासे सोडतात. एका गोठ्याच्या दारात तुराट्यांचा ताटवा आहे; तो दरवर्षी नवा होतो, त्यामुळं दाराचं दार होत नाही. देवळामागच्या घरात 2014 मधलं एक बॅनर अजून आहे. त्या साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मराठवाड्यावर गारांनी हात धुवून घेतले आणि 5 मार्चला आचारसंहिता लागली. गारांनी कौलं-काचा फोडल्या आणि निवडणुकीनं त्या झाकायला कापड दिलं. निसर्ग आणि लोकशाही यांचा इतका चांगला मेळ मी पुन्हा पाहिलेला नाही. त्या बॅनरवरचे गृहस्थ नंतर दोन वेळा पक्ष बदलून आले, पण त्या खिडकीत ते अजून मूळ पक्षातच आहेत.

अमेरिकेत फ्लोरिडाकडचे लोक चक्रीवादळाची वर्दी आली की आधीच खिडक्यांवर प्लायवूड ठोकतात. हे मी ओसरीवर सांगून पाहिलं. 'फुटायच्या आधी?' काकांनी विचारलं. 'मग फुटली का नाही ते कळणार कसं?' आमच्याकडं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं अभिमानानं म्हणतात. जर्मनीत थंडीसाठी घरांना दुहेरी काचा असतात असं मी म्हटलं, तर दिवाळीच्या सुमाराला थंडी पडताच मामांनी येऊन आमच्या बॅनरवर दुसरं बॅनर ठोकलं. आतून वाढदिवसाचे भावी आमदार, बाहेरून त्यांच्याच विरोधकांची दहीहंडी. मधल्या पोकळीत हवा. खोली खरोखर उबदार झाली. ज्या दोघांनी एका व्यासपीठावर बसायचं नाकारलं होतं, ते आमच्या चौकटीत पाठीला पाठ लावून थंडी अडवत होते.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. एका दुपारी भावी आमदार स्वतः आमच्या ओसरीवर आले, गळ्यात नव्या रंगाचा रुमाल. कार्यकर्ते बाहेरचं दहीहंडीचं बॅनर बघून कुजबुजले. काकांना घाम फुटला. 'आतून बघा, आतून,' म्हणत त्यांनी साहेबांना हाताला धरून खोलीत नेलं. साहेबांनी स्वतःकडं बघितलं. जुना पक्ष, जुना रुमाल, दहा वर्षं तरुण चेहरा, ओठांवर चीर. तेवढ्यात वारा आला आणि बॅनर बोललं. साहेब जरासे दचकले.

'हे काढून टाका,' ते सावरून म्हणाले. 'जुनं झालं. नवं पाठवतो, दहा बाय पंधरा.'

काका हात जोडायला लागले, तोवर कोपऱ्यातून आज्जीचा आवाज आला.

'दोन पाठवा बाबा. गोठ्याला बी लागतंय. अन् तोंडाला चीर नको.'