चहाला या, पण उपाशी या

इंग्लंडात कुणी 'टी' म्हटलं की आधी घड्याळ बघावं आणि मग नकाशा. लंडनच्या बड्या हॉटेलातला 'आफ्टरनून टी' म्हणजे तीनमजली स्टँडवर बोटभर सँडविचं, स्कोन आणि चिमुकले केक. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनाबाईंच्या पोटात भर दुपारी कावळे ओरडू लागले, रात्रीचं जेवण तर उशिरा, म्हणून ही प्रथा पडली असं सांगतात. आपल्याकडे अशा वेळी डब्यातला लाडू काढून खातात. प्रथा वगैरे पडत नाही.

आमच्याबरोबर एक मास्तर होते. उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला, त्यामुळे दिसेल त्या पाटीचं व्याकरण तपासायचे. डेव्हनमध्ये मेन्यूवर 'क्रीम टी' वाचून त्यांनी बजावलं, "साय नको, गाळून आणा." पोरगी बघतच राहिली. आली ती चहाची किटली, दोन स्कोन, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि वाटीभर घट्ट क्लॉटेड क्रीम. डेव्हनवाले स्कोनवर आधी क्रीम लावतात, शेजारचे कॉर्नवॉलवाले आधी जॅम, आणि या मुद्द्यावर दोघेही हट्टाला पेटतात. मास्तरांनी एक स्कोन असा खाल्ला, एक तसा.

खरी परीक्षा लीड्सला झाली. तिथं मास्तरांचा भाचा राहतो. त्याच्या शेजारच्या आजींनी साडेपाचला 'टी'चं आमंत्रण दिलं, तेही मास्तरांना 'लव्ह' म्हणून. मास्तरांच्या बायकोच्या भुवया वर गेल्या. यॉर्कशरात दूधवाल्यालाही 'लव्ह' म्हणतात, हे भाच्यानं घाईघाईनं सांगितलं.

चहालाच तर जायचंय, म्हणून सगळे भरली वांगी, वरणभात, ताकभात असं तीन वाजता यथासांग जेवून निघाले. आजींच्या टेबलावर मात्र काटे-चमचे मांडलेले. चीज-कांद्याचा वाफाळता पाय, कुस्करलेले बटाटे, मटार.

"डिनर झालं का तुमचं?" आजींनी विचारलं.

"छे छे! आमचं डिनर रात्री नऊला," मास्तर ऐटीत म्हणाले.

उत्तर इंग्लंडात पुष्कळ घरी दुपारच्या जेवणाला 'डिनर' म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी'. म्हातारा दुपारपासून उपाशी आहे असं समजून आजींचा जीव कळवळला. त्यांनी पायचा आणखी एक भलामोठा तुकडा वाढला. वर ॲपल क्रंबल, त्यावर कस्टर्ड. मास्तरांनी पट्टा एक भोक सैल केला. कपातला चहा आला तो सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा मास्तरांच्या पोटात घोटभरही जागा उरली नव्हती.

उठता उठता आजींनी 'टी टॉवेल' मागितला. मास्तर काही बोलले नाहीत. ते भांडी पुसायचं फडकं निघालं.

तेव्हा मंडळी, यॉर्कशरात कुणी 'टी'ला बोलावलं तर दुपारी हात राखून जेवा. नुसता कपभर चहा हवा असेल तर 'ब्रू' मागा. आपल्याकडे त्या नावाची कॉफी मिळते, तिकडे लक्ष देऊ नका.